दहा मीटरवरून, जिन्याने

३ मार्च, मंगळवार
आज रुओशी परत खाली आली. जिन्याने! दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवर टोकापर्यंत गेली, खाली पाहिलं आणि वळली. चीनच्या एका प्रांताची पहिल्या नंबरची डायव्हर, वय एकोणीस, आणि रेलिंग धरून उतरतेय. बाकीच्या पोरी मुद्दाम भलतीकडे बघत होत्या.

संघ इथे सिंगापूरला सरावासाठी आलाय. अठराला चाचणी. उडी मारली नाही तर रुओशी संघातून बाहेर. म्हणून मला बोलावलंय — क्रीडा-मानसशास्त्रज्ञ! यांना वाटतं मी अंगारा घेऊन येते.

५ मार्च
पहिलं सेशन. मी, रुओशी, इथलीच दुभाषी सू-लिन — आणि कोच फान. न विचारताच येऊन बसल्या. मांडीवर संत्र्यांची पिशवी. संत्रं सोलायचं, एकेक फोड मुलीच्या हातात ठेवायची. बोलणं शून्य.

"वर गेल्यावर काय वाटतं?"
"काही नाही."
"हिवाळ्यातला अपघात आठवतो?" तेव्हा वाकडी आपटली होती पाण्यावर, बेशुद्ध झाली. कोचनीच उडी घेऊन बाहेर काढलं.
"नाही. जाग आली ती हॉस्पिटलात."

दोन्ही वेळा आधी कोचकडे पाहिलं, मग उत्तर दिलं. धाक! दुसरं काय. आणि आठवत नाही म्हणे. कोण विश्वास ठेवणार?

६ मार्च
कोचना बाहेर बसायला सांगितलं. इथलं बोलणं इथेच राहायला हवं, वगैरे. सू-लिनचा चेहरा उतरला. "डॉक्टर, लाइक धिस कॅनॉट लाह! असं नाही चालत. बाहेर सगळ्या मुली बघतायत." म्हटलं, मला कोचची इज्जत सांभाळायची नाहीये, मुलीला सांभाळायचंय. डोकंच तापलं होतं माझं.

कोच पिशवी उचलून निघून गेल्या. रुओशी तासभर स्वतःच्या बुटांकडे बघत बसली.

९ मार्च
दमले. चोआ चू कांगच्या घरून गाड्या बदलत तलावावर जायचं, एका मुलीचं मौन ऐकायचं आणि परत यायचं. जिन्याने उतरणं चालूच आहे. घरी आले तर ऋता. "कसा गेला दिवस?" "फाइन लाह, आई." दार बंद. जगाच्या पोरींना बोलतं करायला निघालेय, माझीच बोलत नाही!

११ मार्च
काही नाही.

१२ मार्च
सू-लिनने दुपारी हॉकर सेंटरला नेलं. नूडल्स संपवल्या आणि एकदम म्हणाली, "डॉक्टर, लहानपणापासून कोचनीच वाढवलंय तिला. त्यांच्या पाठीमागे ती एक शब्द बोलणार नाही. तिला वाटतं, तुम्ही तिला चहाडी करायला बसवलंय."

खूप लाज वाटली. आमच्याकडे तरी कोण बोलतं? पुण्याहून आईचा फोन येतो — जेवलीस का, आणि ठेवते. मला काय वाटतं हे तिने जन्मात विचारलं नाही. पण एखाद दिवशी मी "हो" जरा हळू म्हटलं की लगेच दुसऱ्या दिवशी परत फोन. हे सगळं माहीत असून मी त्या खोलीचं दार लावून घेतलं. कमाल आहे माझी.

१३ मार्च
कोच फानना सगळ्या मुलींसमोर संत्री दिली — दोन्ही हातांनी, सू-लिनने शिकवलं तसं. म्हटलं, तुमच्याशिवाय जमत नाहीये, आत चला. त्या आल्या! प्रश्न विचारलेच नाहीत मी. चौघी नुसत्या खात बसलो. रुओशी चक्क हसली.

निघायच्या आधी हळूच म्हणाली, कोचच्या डोळ्यांना उन्हाचा त्रास होतो, चाचणीच्या वेळी त्यांना आत बसवता येईल का? केवढा जीव आहे पोरीचा त्यांच्यावर! कोच सोलता सोलता थांबल्या. मी व्यवस्था करायला सांगितलंय.

१८ मार्च, बुधवार
मारली! टोकावर उभी राहिली, खाली पाहिलं आणि गेली. शिंतोडेसुद्धा नाहीत. मी वेड्यासारखी ओरडले. कोच बिचाऱ्या आत सावलीत होत्या, त्यांना बघायलाच मिळालं नाही. मुलगी संघात राहिली. सगळे माझं अभिनंदन करतायत, मीही करून घेतेय. कधी नव्हे ते काहीतरी जमलं! उद्या पाडवा. श्रीखंड विकतचंच आणणार, अंगात त्राण नाही.

१९ मार्च, पाडवा
कोच फान आल्या. एकट्याच. सू-लिनला नको म्हणाल्या. दार स्वतः लावलं आणि रुओशीच्या खुर्चीत बसल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ती घाबरत नाही. मी घाबरते. ती वर गेली की मला परत ते पाणी दिसतं. मी डोळे मिटते, उन्हाने नाही. वरून तिला ते दिसतं, म्हणून खाली यायची. कुणाला सांगणार नाही ती. मी तिची कोच."

मी विचारलं, "जेवलात?"

मान हलवली. नाही.

मी संत्रं सोलायला घेतलं.