दोरीवरचे लंगोट

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

बाळाला कापडी लंगोटच वापरायचे, हा हट्ट माझाच होता. विकतचे डायपर परवडेनात, तेव्हा मीच तोऱ्यात म्हटलं होतं, धुऊन वापरू. आता चिडू कोणावर?

सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती साड्या फाडून लंगोट शिवले. सोबत बजावलं, "तिन्हीसांजेला बाळाचे कपडे बाहेर ठेवू नकोस हं, बाधतं." बिल्डिंगला पाणी येतं दुपारी. मग धुवायचे, गॅलरीतल्या दोरीवर घालायचे आणि ओले असले तरी सूर्य बुडायच्या आत काढायचे. मी मानते का हे? नाही. तरी चार महिने माझी एकही संध्याकाळ त्या दोरीपासून सुटलेली नाही.

सासूबाई कालच गावी गेल्यात. आज बाळाला घेऊन नंदाखालला आईकडे गेले. आई म्हणाली, "राहा गं आजच्या दिवस. तिकडे कोण खोळंबलंय?" नवऱ्यानेही फोनवर सांगितलं, राहा. पण उन्हं कलली आणि माझं चित्त उडालं. डोळ्यांसमोर सारखी ती दोरी. अर्धा चहा तसाच टाकून रिक्षा पकडली.

घरात शिरले, दिवासुद्धा न लावता गॅलरीत धावले. दोरी रिकामी होती.

आज पाणीच आलं नव्हतं. धुवायचे लंगोट बादलीत तसेच. त्या वैतागातच तर मी माहेरी गेले होते.

मग दोरीवरचे चिमटे काढून आत आणले.