माशाच्या कानात

प्रिय फेलिसियो,

कच्ची केळी उकडायला टाकली, कॉफी गाळली आणि रोजच्यासारखी तुला हाक मारली, "ऊठ रे राजा, समुद्र वाट बघतोय." त्या सकाळी तू उठला नाहीस. त्यानंतर ते शब्द मी कुणालाच म्हटले नाहीत.

आता पुन्हा वसंत आलाय. मार्लिन मासे आलेत, तुझी बोट आता तुझ्या हाताखालचा नेलो चालवतो. माशांना ऐकू येतं, असं मी एका पुस्तकात वाचलं. बोटीवर मासेमारीच्या हौसेने आलेल्या पाहुण्यांच्या गळाला लागून दमलेला मार्लिन परत सोडताना तू त्याची भाल्यासारखी लांब चोच धरून काहीतरी पुटपुटायचास म्हणे. काय, ते मला कधी सांगितलं नाहीस. म्हणून काल काबेसा दे तोरोच्या धक्क्यावर मी नेलोलाच विचारलं.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक नाही? आम्ही कप्तानाला चिडवायचो, बायकोशी तरी इतकं गोड बोलतोस का म्हणून!"

"अरे, पण बोलायचा काय?"

"'ऊठ रे राजा, समुद्र वाट बघतोय.' मग मासा शेपूट हलवायचा."

मी घरी निघाले. मागून नेलो म्हणाला, "उद्या चला बोटीवर. फक्त डब्यात केळं आणू नका, अपशकुन होतो."

आज मी गेले. डब्यात भात नेला. दुपारी एका पाहुण्याने मार्लिन बोटीशी आणला, पार थकलेला. नेलोने मला हातमोजे दिले. माशाच्या कल्ल्यांत पाणी खेळावं म्हणून बोट हळूहळू पुढे सरकत होती. मी त्याची चोच पाण्यात धरली आणि हाक मारली.

तो उठला.

तुझी,
ओदिलिया