मैनेची शेपटी

६ जाने.
आमच्या म्हाताऱ्या घोडीची, मैनेची शेपटी कोणीतरी कापली. सकाळी खरारा करायला गेले तर टोकाकडची वीतभर गायब, तीही वेडीवाकडी. संशय गल्लीतल्या पोरांवरच. ओट्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून घेतलं.

दुपारी कुटाराचा भुसा टाकायला गेले तर दुसरी घोडी, पिंकी, मैनेच्या मागे उभी. तोंडात पांढरे केस, डोळे अर्धे मिटलेले, निवांत चघळणं चालू. म्हणजे चोर घरातच. पोरांना जाऊन सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही.

८ जाने.
शांताबाई शेजारीण उपाय सांगून गेली, कडुनिंबाचं तेल नि मिरचीपूड. "एकडाव तोंड पोयलं का नाव नाई घ्याची मंग." लावलं. पिंकी शिंकली, मान झटकली, नि भाकरीशी ठेचा खावा तशी पुन्हा चाटायला लागली. वऱ्हाडातच जन्मली शेवटी.

पोळलं ते मैनेला. शेपटीच्या मुळाशी चावल्याची जखम होती, ती मी पाहिलीच नव्हती. मागचा पाय थरथरत होता. पाण्याने धुवून काढलं. तिने एक लाथ मारली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसती उभी राहिली.

१३ जाने.
शेपटीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. पिंकीने लुगडं खाल्लं. हसू फुटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने, नि लगेच इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही.

१७ जाने.
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मलम दिलं. "बाई, उन्हाळ्यात माशा बसतीन. हाकलाले शेपटी नाई. अळ्या पडल्या तं म्हातारं जनावर हातचं जाईन. त्याच्या आंधी हे बंद झालं पाह्यजे."

खायला काय देता, विचारलं. सोयाबीनचं कुटार.

"ते बारीक, घटकाभरात सरते. मंग दिवसभर तिनं चावाव काय? लांब कडबा पाह्यजे. अन् फिरवता का?"

नाही. दिवाळीत हे गेले तेव्हापासून दोघी खुंट्यालाच.

"काहून?"

काय सांगू. आपल्यात सुतक नाही, सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच सुटलं. पण नामदेव भाऊजी म्हणाले, "वैनी, वर्षभर आपल्या दारातून घोडी वरातीले जाची नाई," आणि मी मान हलवली. आम्ही माणसांनी पाळलं नाही ते. घोड्यांना पाळायला लावलं.

डॉक्टर हात धुवून गेले.

२२ जाने.
कडब्यासाठी रिसोडभर विचारलं. जिथे तिथे सोयाबीन, नाहीतर तूर. ज्वारी पेरतोच कोण आता. शेवटी आसेगावला नणंदेकडे. ती भाकरीपुरती ज्वारी अजून लावते. तिथे कळलं की ह्यांचा कडबा दरवर्षी तिथूनच यायचा. मला वाटायचं, घोड्या कुटारावरच जगतात. तीस वर्षांच्या संसारात त्या काय खातात हे विचारायची वेळच आली नाही, सगळं हेच बघायचे.

पिकपमधे पेंढ्या चढवताना नणंद म्हणाली, "दादा आला का पयले कडब्याचा वास घेये, मंग मले विचारे, कशी हायेस म्हून." मग तिथेच, गाडीच्या मागे, दोघी रडलो. ड्रायव्हर बिचारा टायर बघत बसला.

२९ जाने.
पिंकी कडबा करकर चावते. ऐकायला बरं वाटतं. पण पेंढी संपली की पुन्हा तेच. सवय लागली ती लागली.

परवा तिला घरामागे वेगळं बांधलं. मैनेने चाऱ्याला तोंड लावलं नाही. तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही, नि पिंकी नेहमी त्याच बाजूला असायची. तिथे कोणी नाही म्हटल्यावर ही सारखी त्या बाजूच्या टिनावर आदळायची. खांदा सोलवटला. आज पिंकीला परत आणलं नि मधे बांबूची आडकाठी घातली.

५ फेब्रु.
सलीमभाई बँडवाले आले. ह्यांची नि त्यांची वरातीतली जोडी, कितीतरी वर्षांची.

"जयभीम भाभी. पिंकीले सोडा आता. तिनं काय गुन्हा केला? उभी राहू राहू जनावर पागल होऊन राह्यलं."

म्हटलं, लोक काय म्हणतील. नवरा जाऊन चार महिने नाही झाले नि हिची घोडी वरातीत.

"लोकं नाचून राह्यले भाभी. तुमच्याकडं कोन पाहून राह्यलं?"

राग आला. चहासुद्धा विचारला नाही. राग आला कारण खरं होतं. माझं दुःख माझ्यापुरतंच, बाजारपेठेत कोणाचं काही अडलेलं नाही.

१० फेब्रु.
पिंकीला पाठवलं. झूल मीच चढवली, गोंडे बांधले. मैनेला न्यायचा प्रश्नच नाही. बिनशेपटीच्या घोडीवर कोणता नवरदेव बसेल?

हे लगाम धरून उलटे चालायचे, पिंकीकडे तोंड करून, फटाक्याला बिचकू नये म्हणून. मागे गटार आहे का खड्डा, बघायचे नाहीत. मी किती वेळा बोलले असेन. आज लगाम सलीमभाईच्या माणसाकडे. बँड घरापर्यंत ऐकू येत होता. मी मैनेजवळ उभी. फटाके वाजले तशी मीच दचकले. मैना सारखी खिंकाळत होती.

पिंकी आली, कडबा खाल्ला, शेपटीकडे बघितलं नाही. भाऊजी दारावरून गेले. मान फिरवून घेतली.

१६ फेब्रु.
पुन्हा सुरू. रोज थोडीच वरात असते! आडकाठीच्या फटीतून ओढते. जखम भरत येते नि उकलते.

प्रवीणचा फोन. "आई, पिंकीले इकून टाक. इंझोरीचा एक जन तयार हाये. मैना तरी वाचन. मंग मैनेले आत्याकडं सोड अन् तू पुण्याले ये."

पोरगा वाईट नाही. मी इथे एकटी आहे याची त्याला भीती वाटते, मला कळतं. पण मला जायचं नाही. ह्या दोघी गेल्या तर सकाळी उठायचं कशासाठी? हे त्याला सांगता आलं नाही. फोनवर नुसतं हो-हो केलं.

२० फेब्रु.
इंझोरीवाला आला. माणूस चांगला. पिंकीचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, ती लगेच त्याची बाही चावायला लागली तर हसला. ओरडला नाही.

"एकलीच राहीन बाई आमच्याकडं. कोनाची शेपटी खाचा सवालच नाई."

माझ्या समाधानासाठीच म्हणाला तो. रविवारी गाडी आणतो, तोवर कळवा म्हणून गेला.

२२ फेब्रु.
सकाळी दोघींना कडबा टाकून झाडत होते. पिंकी तिच्या बाजूला नीट खात होती. मैनेने खाणं सोडलं, वळली, नि हळूहळू मागे सरकायला लागली. वाटलं माशी चावली. आडकाठीला टेकेपर्यंत सरकली. मग ती उरलेली शेपटी, हातभरही नाही, तिने स्वतःच उचलून बांबूवरून पलीकडे टाकली.

पिंकीच्या तोंडात कडब्याचा धांडा होता. तो तिने खाली टाकला.

मी काठी घेऊन धावले. जवळ गेले तर मैनेचे कान सैल पडलेले, मान खाली, चांगला डोळाही मिटलेला. इतकी निवांत मी तिला दिवाळीपासून पाहिली नव्हती. मारू कोणाला?

मग पिंकीला दूर केलं, हातानेच. मैनेने डोळा उघडला नि तशीच उभी राहिली, शेपटी पलीकडे ठेवून. मी तिच्या मानेला धरून खूप रडले. जखमेला मलम लावलं.

इंझोरीवाल्याला अजून काही कळवलं नाही. उद्या रविवार.