अर्ध्या दिवसाची रजा

सोमवार, ता. ४

आज मी खोटं बोलले! केंद्राचा पहिलाच दिवस, आणि हे दारातच अडले — 'कुठं निघालोय ते कळल्याशिवाय पायरी उतरणार नाही.' विसराळू म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळतात तिथं, हे स्वतःच्या नवऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? पटकन बोलून गेले, 'ऑफिसला.' निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी खिशाला पेन लावून माझ्या पुढे चालू लागले!

केंद्रातल्या ताई म्हणतात, 'चालतं हो काकू, त्यांचं समाधान महत्त्वाचं.' त्यांना चालतं. देवापुढे बसून मी काय सांगू?

मंगळवार, ता. ५

यांना सोडून घरी आले, जरा भिंतीला टेकले, ती दोन तास झोपलेच. मागच्या महिन्यात अशीच डुलकी लागली आणि दुधाच्या पातेल्याचा कोळसा झाला. डॉक्टर तेव्हा रागावले होते — 'आधी तुम्ही झोपा. नाहीतर दोघांना बघायला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल.'

गुरुवार, ता. ७

ताईंनी बाजूला बोलावलं. बारा वाजले की हे अर्ज लिहायला बसतात. तीन दिवसांचे तीन अर्ज दाखवले. अक्षर अजून मोत्यासारखं! 'पत्नी घरी एकटी असल्याने अर्ध्या दिवसाची रजा मिळावी, ही नम्र विनंती.' शेजारच्या खुर्चीतल्या शिंपीकाकांकडे सहीला नेतात. ते म्हणतात, 'अहो, मी कुठला साहेब? मीच रजेवर आहे!' सगळे हसतात. हे हसत नाहीत. दाराशी जाऊन उभे राहतात. जेवत नाहीत.

ताई हळूच म्हणाल्या, 'पंधरवड्यात रुळले नाहीत तर जागा दुसऱ्यांना द्यावी लागेल. यादी मोठी आहे, काकू.'

शुक्रवार, ता. ८

आजही जेवले नाहीत.

रविवार, ता. १०

केंद्र बंद. मी जपाला बसले, पण मन लागेना. ऑफिस म्हटलं की रजा आलीच! माझ्याच खोट्यानं त्यांना दाराशी उभं केलंय. बायको एकटी म्हणून त्यांचा जीव तुटतोय, आणि बायको इकडे घोरतेय — पंखासुद्धा न लावता!

सोमवार, ता. ११

सांगितलं. हे बूट घालत होते. म्हटलं, 'अहो, ते ऑफिस नाही. तुमच्या लक्षात राहत नाही, म्हणून तिथं तुम्हाला सांभाळतात. मी फार दमलेय. मला झोप हवी असते, म्हणून सोडून येते.' वाटलं, आता चिडतील, नाहीतर रडतील.

यांनी बुटाची नाडी आवळली.

'मग आधीच सांगायचंस ना! चल, उशीर होतोय.'

आणायला गेले तेव्हा ताई दारातच भेटल्या. बारा वाजता अर्ज नाही, पानावर बसून जेवले! शिंपीकाकांना दटावत होते म्हणे — 'हळू बोला. घरी मंडळी झोपलीय.'

मंगळवार, ता. १२

कालचं काहीही आठवत नाही. दारात अडले — 'कुठं निघालोय?' पुन्हा सगळं खरं सांगितलं. पुन्हा तेच म्हणाले, 'मग आधीच सांगायचंस ना!'