भिंतीपलीकडची खुर्ची

२० जून १९४८, रविवार

सासूबाईंनी आज आरामखुर्ची मागच्या भिंतीवरून शेजारच्या बर्टवेलबाईंकडे पाठवली! का, तर काल डॉक्टरांकडे नाव नोंदवायचा फॉर्म टपालानं आला. पाच जुलैपासून डॉक्टर, औषध, चष्मा, दात — सरकारकडून सगळ्यांना सगळं फुकट.

"फुकट? आधी कुणीतरी घर बघायला येणार," म्हणाल्या. "बत्तीस साली गिरणी बंद होती तेव्हा आला होता तसा. मदत मागितली तर मेल्यानं कपाटं उघडून पाहिली. 'एवढी चांगली खुर्ची आहे, ती विका आधी,' म्हणाला."

क्लिफर्ड म्हणाला, "आई, ते दिवस गेले आता."

"दिवस गेले असतील. तो माणूस अजून त्याच कचेरीत बसतो!"

शेवटी नवऱ्यानंच ती भिंतीवर चढवली. खुर्ची गेली.

२३ जून, बुधवार

गॅसचा मीटर बघायला माणूस आला. सासूबाई ओक्याबोक्या खोलीत संत्र्यांच्या खोक्यावर बसलेल्या, खाली उशी. त्यानं टोपी काढली. "कोण गेलं हो?" विचारलं बिचाऱ्यानं. मी हसू दाबत मोरीत पळाले.

खुर्ची सोडली, पण उशी नाही! उशीशिवाय बाई कुठे टेकत नाहीत — चर्चमध्येसुद्धा काखेत घेऊन जातात. मी नि माझी लेक डोरीन त्यांना 'राणीसाहेब' म्हणतो. तोंडावर नाही, अर्थात.

२९ जून, मंगळवार

हे फक्त इथेच. डोरीन झाली तेव्हापासून माझं अंग बाहेर येतं. अकरा वर्षं! कापडाची घडी घट्ट बांधते आणि गिरणीत चार मागांवर दिवसभर उभी राहते. क्लिफर्डला सांगितलंय, कंबर दुखते. आज धोटा उचलायला वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

आजवर डोरीनचे बूट की माझा डॉक्टर, असा प्रश्न होता, बूटच यायचे. आता तो प्रश्न नाही. तरी लाज वाटते मेली. तोंडातून शब्द कसा काढू?

१ जुलै

युक्ती! सासूबाईंना चष्म्यासाठी न्यायचं. अजून सासऱ्यांचाच चष्मा लावतात, ते जाऊन बारा वर्षं झाली तरी. परवा क्लिफर्डच्या चहात मीठ घातलं. लांबचं मात्र घारीसारखं दिसतं — रस्त्यापलीकडे कोण काय कुजबुजतंय ते ओठ बघून सांगतात. चष्म्याला आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्या बाहेर आल्या की मी गुपचूप आत.

"मेबल, मला भीक नको."

"भीक कसली? क्लिफर्डच्या पगारातून दर आठवड्याला कापणार आहेत!"

उशी झटकून म्हणाल्या, "येते. पण खुर्ची तिकडेच राहील." मान्य!

७ जुलै, बुधवार



संध्याकाळी दवाखाना गच्च. निम्मी गिरणी तिथे! आणि सगळ्या ओठांनीच बोलतायत. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आम्हा विणकरणींना आवाज न काढता बोलायची सवय. खोली शांत असली तरी तेच.

सासूबाईंना समोरच्या बाकावर जागा मिळाली. उशीसकट. मी डॉक्टरांना काय सांगायचं ते मनातल्या मनात घोकत बसले — अंग बाहेर येतं, डॉक्टर, अकरा वर्षं झाली... पाचदा घोकलं. मग ठरवलं, नकोच. घरी जाऊ.

सासूबाईंचं नाव पुकारलं. आत गेल्या आणि लगेच बाहेर. "मेबल, चल आत."

"मी कशाला? चष्मा तुमचा."

"चष्मा मरू दे. ओठ हलत होते की तुझे, वेडे! सगळं वाचलं मी."

समोरचा अख्खा बाक छताकडे बघायला लागला. म्हणजे सगळ्यांनीच वाचलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दंडाला धरून आत नेलं मला त्यांनी.

डॉक्टर तरुण, त्यांचेच कान लाल. म्हणाले, याचं ऑपरेशन होतं, पूर्ण बरं होतं. "लाजू नका. सोमवारपासून याच दुखण्याच्या तुम्ही सातव्या."

सातव्या! तीन दिवसांत! त्यातल्या किती जणी माझ्याशेजारच्या मागावर असतील? कुणीच कुणाला बोललो नाही. घरी येताना रडले. सासूबाई हळू चालल्या माझ्याबरोबर.

१६ सप्टेंबर, हॉस्पिटल

झालं. दुखतंय. चहा पाणचट. घरात खुर्च्या किती, कुणी विचारलं नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

घरी आले. आणि शेकोटीपाशी आरामखुर्ची! भिंतीवरून परत, झाडूनपुसून.

"बस," सासूबाई म्हणाल्या. सासरे गेल्यापासून सासूबाईंशिवाय त्या खुर्चीत कुणी बसलेलं नाही. स्वतःची उशीही मला दिली.

मी बसले आणि धीर करून तोंडावर म्हटलं, "राणीसाहेब, आज उशीशिवाय बसणार?"

हसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

४ ऑक्टोबर

सकाळी क्लिफर्ड बूट घालत होता. त्याच्या पाठीमागे उभ्या राहून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, ओठांनी सांगितलं — "मला पण तेच. ह्याच्या वेळेपासून."

क्लिफर्ड एक्केचाळीस वर्षांचा आहे.