लांब पल्ल्याची पिचकारी

दुधगाव, १५ मार्च १९७४

ती. जोतीरामदाजींना धाकट्या मेव्हण्याचा, हंबीररावाचा, वाकून नमस्कार. तुमची कंबर आता बसू-उठू देते का? आक्काच्या रागाची प्रकृती कशी आहे?

गेल्या आठवड्यात मिरजेला येऊनही तुमच्याकडे आलो नाही, याचं कारण पितळी पिचकारी. लालादादा आणि मी बांधावरच्या बाभळीवरून दोन वर्षं बोलत नाही, हे तुम्ही जाणताच. (बाभळ गेल्या पावसाळ्यात आपणहून पडली. भांडण अजून उभंच.) त्याच्या अंगणात पाय ठेवणार नाही, अशी शपथ मीच चारचौघांत घेतलेली. पण रंगपंचमीच्या रंगावर रागवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तेव्हा माझ्या सोप्यावरून समोर त्याच्या सोप्यावर रंग पोचला, तर शपथही राहील आणि भाऊही मिळेल, असं मनाशी धरलं.

दुकानदारानं मधल्या भावातल्या दोन पिचकाऱ्या दाखवल्या. एक लांब, बारीक तोंडाची. दुसरी आखूड, जाड, तोंडाला झारीसारखी चाळणी. (पलटणीत रायफलसुद्धा मी इतकी निरखली नव्हती.) लांब पिचकारी साध्या पाण्यानं चालवून पाहिली, तर धार रस्ता ओलांडून सतारवाल्यानं वाळत घातलेल्या भोपळ्यावर बसली. तो ओरडत होता आणि मी पावलं मोजत होतो. तेवीस भरली. आमच्या दोन सोप्यांत एकवीस. घेतली.

रंगपंचमीला सकाळी दादा तंबाखू मळत बसला असताना नेम धरला. धार थेट नव्या पटक्यावर. दादा उठून आत गेला, राहीवहिनींनी कवाड लोटलं. आता मयतीलाच गाठ, असं वाटलं.

जरा वेळानं कवाड उघडलं. दादाच्या हातात पिचकारी, मी नको म्हटलेली तसलीच आखूड, चाळणीची. (त्याच दुकानातली, माझ्याआधी चार दिवस घेतलेली.) तो सरळ चालत माझ्या अंगणात आला आणि त्यानं मला डोक्यापासून धोतरापर्यंत भिजवलं.

"माजी लांब पोचत न्हाई रं," म्हणाला. "दुकानदार म्हनला, जवळ जायला लागंल. म्हनलं, मग हीच दे."

दाजी, मी रडलो. रंग डोळ्यांत गेला, असं गावात सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. सतारवाला भोपळा घेऊन तुमच्या दारात येईल. नाव-पत्ता मी तुमचा दिलाय.

ता. क. आणखी एक. पत्र घेऊन येणाऱ्या आकारामाकडे माझी पिचकारी दिली आहे. सतारवाल्यासमोरच्या दुकानातून बदलून आखूड घ्या. दुकानदार वापरलेली परत घेत नाही म्हणाला, तर आक्काला पुढं करा. मला आता लांबची लागत नाही.