एकेक वर्षाची बंगई

१२ मे, दुपार
बी.पी. वाढलेलं. आजपासून राग बंद. भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या भावाचं, प्रभाकरचं, नावसुद्धा काढायचं नाही. नालायक. (हे शेवटचं.)
मोठी बहीण रुख्माबाई समुद्रपूरहून आली. सावंगीच्या दवाखान्यात गुडघे दाखवायचेत. अर्थात माझ्याचकडे उतरली.

१३ मे
तिच्यासाठी टीव्हीवर ग्रीक पुराणाची सिरीज लावली. हिंदीत डब. दोन राजपुत्र. ठरलं असं की एकेक वर्ष आळीपाळीने गादीवर बसायचं. वर्ष संपलं, थोरला उठेना!
हादरलोच. ही तर आमचीच गोष्ट. आईची सागवानी बंगई, कड्यांचा झोपाळा. ती गेल्यावर ठरलं होतं, एक वर्ष माझ्या ओसरीत, एक वर्ष प्रभाकरच्या. त्या धाकट्या राजपुत्राचं दुःख मलाच कळणार.
रुख्माबाई म्हणाली, "रूपराव, बंगई सध्या हाये कोनापाशी?"
म्हटलं, माझ्याकडे. तिसरं वर्ष. पण मागायची काही रीत असते!
ती टीव्हीकडे वळली. पटलं असावं.

१५ मे
थोरल्याने धाकट्याला राज्याबाहेर हाकललं. रिमोट फेकून मारावासा वाटला. बायको छाया म्हणाली, "बंगईवरून उठून तरी मारा." छायाला वाटतं, मला टोमणे कळत नाहीत.

१६ मे
पलीकडेही तीच सिरीज. प्रभाकर एक भाग पुढे. मुद्दाम. इकडे सगळं आधीच ऐकू येतं. मी आवाज वाढवला. त्यानेही वाढवला. रुख्माबाई उठली. "तिकडंच पायतो बाप्पा, तिथं कोनी मधात बोलत नाई." फितूर!

१८ मे
लढाई. दोघं भाऊ समोरासमोर. दोघंही मेले. गादीवर मामा बसला.
बराच वेळ कुलरसमोर बसून होतो.
निर्णय : बंगई देऊन टाकणार. प्रभाकर रडेल. आपणही थोडं रडायला हरकत नाही. बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

१९ मे, सकाळी साडेदहा
गेलो. तीन वर्षांनी त्याच्या दारात. तो, त्याची बायको हर्षा, रुख्माबाई, सगळे टीव्हीपुढे. राजपुत्रांची बहीण राजाची बंदी मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकत होती. हर्षा डोळे पुसत होती.
खाकरलो. म्हटलं, प्रभाकर, बंगई घेऊन जा.
त्याने मान वळवली नाही. म्हणाला, "राहू दे दादा तुह्याकडेच. आमी दिवाळीतच नवी घेतली. जरा बाजूले सरक, दिसून नाई राह्यलं."
सरकलो. बस म्हणून कोणी म्हटलं नाही. भाग संपेपर्यंत दाराशी उभा होतो.